कवळी करून घ्यावी का? दात पडलेल्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी टप्प्याटप्प्याने करायचा विचार

पडलेल्या दातांच्या जागी कवळी बसवावी का, हा प्रश्न आपल्याकडे बहुतेक घरांत फार उशिरा विचारला जातो. एक दाढ गेली तेव्हा दुसऱ्या बाजूने चावून भागवले जाते, मग त्या बाजूचीही दाढ जाते, समोरचे दात हलू लागतात, आणि घरातले लग्न महिन्यावर आले की सगळ्यांनाच घाई होते. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी दातांचा दवाखाना चालवते, आणि येणाऱ्या दहांपैकी आठ जणांचा पहिला प्रश्न ‘कवळीला किती पैसे पडतील’ हाच असतो. तो प्रश्न योग्यच आहे, कारण पैसा कष्टाचा असतो. मात्र त्याआधी काही गोष्टी ठरावीक क्रमाने तपासल्या नाहीत, तर स्वस्तात झालेली कवळीही डबीत पडून राहते आणि पैसा वायाच जातो. तो क्रम या लेखात दिला आहे.

पहिली पायरी : काय गेले आहे आणि त्यामुळे काय अडते आहे

दिवसाउजेडी आरसा घेऊन बसावे आणि घरातल्या एखाद्याकडून दात मोजून घ्यावेत. अक्कलदाढा धरून मोठ्या माणसाला 32 दात असतात. पण नुसती संख्या पुरेशी नसते. तोंड मिटल्यावर वरचा कोणता दात खालच्या कोणत्या दातावर टेकतो, हे पाहावे लागते, कारण चावणे हे जोडीचे काम आहे. वर सहा दाढा शाबूत आणि खाली एकही नाही, अशा तोंडात त्या सहा दाढांचा उपयोग जवळपास शून्य असतो. याउलट साधारण 20 दात चांगल्या स्थितीत असतील आणि एकमेकांवर नीट टेकत असतील, तर बहुतेक माणसांचे खाणे व्यवस्थित चालते. म्हणूनच गेलेली प्रत्येक दाढ भरून काढलीच पाहिजे असे नाही. अक्कलदाढ गेली असेल तर काहीच करावे लागत नाही. सर्वांत मागची एखादी दाढ गेली असेल, तर कित्येकदा नुसते लक्ष ठेवले तरी चालते. मधली दाढ गेली असेल तर मात्र शेजारचे दात त्या फटीत कलतात आणि समोरचा दात लांबतो, त्यामुळे तिथे वर्षानुवर्षे थांबणे महागात पडते.

यानंतर जेवणाचा हिशेब मांडावा. मी रुग्णांना विचारते, की गेल्या वर्षभरात तुम्ही काय खाणे सोडले? ज्वारीची भाकरी सोडली का, भाजलेल्या शेंगा सोडल्या का, हुरड्याला शेतात गेल्यावर नुसते बसून राहता का? कोणी सांगते, की मी भाकरी दुधात कुस्करून खातो, काही अडत नाही. कोणी चहा-खारीवर दिवस काढत असते आणि अंगातली ताकद का जाते आहे, हे घरच्यांना कळत नसते. या दोघांच्या तोंडात सारखेच दात असले तरी दोघांची निकड वेगळी आहे. बोलताना शब्द निसटतात का, चारचौघांत हसताना तोंडावर पदर जातो का, हेही याच हिशेबात धरावे. ही अडचण किरकोळ आहे असे घरातल्या तरुणांनी समजू नये.

दुसरी पायरी : उरलेल्या दातांचे काय

या टप्प्यावर चुका सर्वांत जास्त होतात, म्हणून इथे थोडे सविस्तर लिहिते. ‘दोन-चारच राहिलेत, तेही काढून टाका आणि एकदाची पूर्ण कवळी द्या’ ही मागणी मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. माणूस कंटाळलेला असतो, पुन्हा पुन्हा एसटीने यायचे नसते, आणि सगळे एकदाच संपवावे असे त्याला वाटते. तरीही वाचवता येण्यासारखा दात केवळ सोयीसाठी काढू नये, असे माझे ठाम मत आहे, आणि त्याचे कारण जबड्याच्या हाडात आहे.

दात ज्या हाडात रोवलेला असतो, ते हाड दातामुळेच टिकून असते. दात काढला की ते झिजू लागते. ही झीज पहिल्या वर्षात सर्वांत वेगाने होते. त्या काळात हिरडीच्या उंचवट्याची रुंदी जवळजवळ निम्म्यावर येऊ शकते. पुढे वेग मंदावतो, पण झीज थांबत नाही. पूर्ण कवळी वापरणाऱ्यांमध्ये खालच्या जबड्याचे हाड वरच्यापेक्षा साधारण चौपट झिजते, असे दीर्घकाळच्या निरीक्षणांतून दिसून आले आहे. आता कवळी कशावर बसते ते पाहा. वरच्या कवळीला अख्ख्या टाळूचा आधार असतो. ती लाळेच्या पातळ थराने आणि काठाच्या घट्ट बंदामुळे वर चिकटून राहते. खालच्या कवळीचा आकार घोड्याच्या नालेसारखा असतो, मध्ये जीभ असते, बाहेरून गाल आणि ओठ ढकलत असतात, आणि खाली झिजलेल्या हाडाची अरुंद पट्टी असते. म्हणून वरची कवळी बहुतेकांना जमते आणि तक्रार बहुतेक वेळा खालचीच येते.

यासाठी खालचे दोन सुळे जरी मजबूत असले, तरी ते सोन्यासारखे जपावेत. त्यांना रूट कॅनल करून, हिरडीच्या जरा वरपर्यंत कापून, त्यांच्यावर टोपीसारखी कवळी बसवता येते. मुळे जागेवर राहिल्याने तिथले हाड टिकते, कवळी कमी हलते, आणि घास किती कठीण आहे याची जाणीवही बऱ्याच अंशी शिल्लक राहते. ही सोय आपल्याकडे फार कमी लोक मागतात, कारण ती आहे हेच ठाऊक नसते.

मग काढायचा कोणता? जो दात बोटाने वर-खाली दाबला जातो, ज्याच्या मुळाभोवतीचे हाड एक्स-रेमध्ये जवळपास संपलेले दिसते, ज्याचे मूळ उभे चिरले आहे किंवा किडीने हिरडीखाली खोलवर पोखरले आहे, तो ठेवून उपयोग नसतो. पण नुसता थोडा हलणारा दात पायोरियाची नीट सफाई केल्यावर कित्येकदा सावरतो. आणखी एक गैरसमज आपल्या भागात विशेष दिसतो. किनवट परिसरासारख्या ज्या गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे, तिथल्या लोकांच्या दातांवर लहानपणापासून पिवळे-तपकिरी डाग असतात. हे डाग म्हणजे दात सडणे नव्हे. असे दात दिसायला वाईट असले तरी बहुधा मुळाशी घट्ट असतात, आणि डागांसाठी ते काढून कवळी लावणे हा शुद्ध तोटा आहे.

तिसरी पायरी : तोंडाची आणि शरीराची तपासणी

तंबाखू-चुना, गुटखा किंवा मिश्री यांची सवय असेल, तर कवळीचे माप घेण्याआधी गालाची आतली बाजू, जिभेच्या कडा आणि जिभेखालची जागा उजेडात तपासून घ्यावी. न पुसला जाणारा पांढरा चट्टा, लाल मखमलीसारखा डाग, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली, तर कवळी बाजूला ठेवून आधी त्याची तपासणी करावी, आणि गरज पडली तर तुकडा काढून तपासायला पाठवावा. बायका मिश्री लावतात हे घरात कोणी ‘व्यसन’ धरत नाही, त्यामुळे डॉक्टरांनी विचारले तरी सांगितले जात नाही. कृपया सांगावे. स्वतःची तीन बोटे उभी तोंडात जात नसतील, तर गुटख्याने तोंड आवळले असण्याची शक्यता असते. अशा तोंडात मापाचा साचा जात नाही आणि तयार कवळीही घालता-काढता येत नाही, म्हणून आधी त्याचे उपचार करावे लागतात.

मधुमेह असल्यास साखर आटोक्यात आणून मगच दात काढावेत, कारण जखम भरायला वेळ लागतो आणि कवळीखाली बुरशी वाढण्याचा धोकाही जास्त असतो. रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू असेल, तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नये. दात काढण्यापूर्वी ज्या डॉक्टरांनी ती दिली त्यांना विचारावे. हाडे ठिसूळ झाल्याबद्दल किंवा कर्करोगासाठी हाडांचे इंजेक्शन घेतले असेल, किंवा जबड्यावर किरणोपचार झाले असतील, तर ते आवर्जून सांगावे, कारण अशा जबड्यात दात काढल्यावर हाडाची जखम चिघळू शकते.

कोरड्या तोंडाकडेही लक्ष द्यावे. वरची कवळी लाळेमुळेच धरून राहते. काही गोळ्यांनी आणि काही आजारांत लाळ कमी होते, आणि मग उत्तम बनवलेली कवळीसुद्धा घासते आणि सुटते. कंपवात किंवा पक्षाघाताने हात नीट चालत नसतील, तर कवळी रोज काढून धुणार कोण, हे आधीच ठरवावे.

चौथी पायरी : कवळीशिवाय काय काय आहे

एक किंवा दोनच दात गेले असतील आणि दोन्ही बाजूंचे दात भक्कम असतील, तर फिक्स ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने पक्का बसवलेला दात, करता येतो. त्यासाठी शेजारचे दात घासावे लागतात. त्या दातांना आधीच कॅप लागणार असेल तर ब्रिज उत्तम. ते अगदी निकोप असतील तर दोन चांगले दात घासताना माझा हात अडखळतो. अशा वेळी इम्प्लांट, म्हणजे ज्याला लोक स्क्रूचा दात म्हणतात, तो अधिक बरा. त्यात टायटॅनियमचा स्क्रू हाडात बसवतात आणि तो हाडाशी एकजीव व्हायला साधारण तीन ते सहा महिने देतात. माणसाला असा पहिला इम्प्लांट 1965 साली स्वीडनमध्ये बसवला गेला, म्हणजे ही पद्धत आता नवखी राहिलेली नाही. त्याला पुरेसे हाड, आटोक्यातली साखर, तंबाखू सोडण्याची तयारी आणि पैसा लागतो. एका इम्प्लांटच्या खर्चात अनेक ठिकाणी साध्या पूर्ण कवळीची जोडी होते, हे वास्तव आहे.

ज्यांचे सगळे दात गेले आहेत त्यांच्यासाठी मधला मार्गही आहे: खालच्या जबड्यात फक्त दोन इम्प्लांट आणि त्यांना बटणासारखी अडकणारी कवळी. ही काढता येते, धुता येते, आणि नाचत नाही. एकूण बजेट मर्यादित असेल, तर वरची कवळी साधी ठेवून खालच्या दोन इम्प्लांटवर खर्च करावा, असा सल्ला मी देते.

बरेच दात गेले आहेत पण काही चांगले शिल्लक आहेत, अशांसाठी अर्धी कवळी असते. प्लास्टिकची स्वस्त आणि दुरुस्तीला सोपी, पण जाड असते आणि हिरडीवर भार टाकते. धातूची पातळ, मजबूत आणि दातांवर टेकणारी, म्हणून उरलेल्या दातांच्या दृष्टीने बहुधा सर्वांत चांगली. लवचीक कवळी दिसायला छान असते, तिच्यात तारा दिसत नाहीत, पण तुटली किंवा पुढे आणखी दात गेला तर तिची दुरुस्ती अवघड असते.

‘अर्ध्या तासात फिक्स दात’ ही एक गोष्ट मात्र पर्याय म्हणून धरूच नये. बाजाराच्या दिवशी किंवा एखाद्या गाळ्यात, नोंदणी नसलेली माणसे पातळ प्लास्टिक थेट तोंडात ओतून शेजारच्या दातांना चिकटवतात. असे तोंड माझ्याकडे येते तेव्हा प्लास्टिकखाली अन्न कुजलेले असते, हिरडी सुजून लाल झालेली असते, आणि एका दातासाठी चिकटवलेल्या त्या गोळ्यापायी शेजारचे दोन-तीन धडधाकट दात हलू लागलेले असतात. समोरचा माणूस नोंदणीकृत दंतवैद्य आहे का, हे विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. तो जरूर बजावावा.

पाचवी पायरी : अपेक्षा

मागच्या वर्षी एक मामी आल्या. साठी उलटलेली, डोक्यावर पदर. त्यांनी पिशवीतून स्टीलची छोटी डबी काढली, तिच्यात रुमालात गुंडाळलेली खालची कवळी होती. दोन वर्षांपूर्वी दुसरीकडे करून घेतलेली, कोरडी पडलेली, जवळपास न वापरलेली. ‘वरची बरी हाय बाई, पण खालची बोलायला गेलं की नाचायलीय,’ त्या म्हणाल्या. मी ती धुऊन तोंडात बसवली आणि जीभ किंचित बाहेर काढायला सांगितली. डावीकडचा आतला काठ लांब होता, जीभ हलली की तिथून कवळी उचलली जायची, आणि त्याच जागी हिरडीवर बारीक लाल रेघ होती. तो काठ घासून कमी केला, आतून नवे अस्तर दिले. कवळी पुष्कळ स्थिरावली. पण मामींना मी हेही सांगितले, की मामी, हाड फार झिजले आहे, ही दाताइतकी घट्ट कधीच होणार नाही, जिभेने आणि गालांनी तिला सांभाळायला शिकावे लागेल. त्यांनी विचारले, ‘मग हे मला पहिल्यांदाच का नाही सांगितलं कुणी?’

तो प्रश्न रास्त होता. पूर्ण कवळीने चावण्याचा जोर नैसर्गिक दातांच्या साधारण चौथा-पाचवा हिस्सा असतो. ऊस दाताने सोलून खाणे होणार नाही. भाकरी, भाजी, शिजवलेल्या डाळी, बारीक केलेले मांस हे बहुतेकांना सवयीने जमते. हे ऐकूनही ज्यांना कवळी हवी असते आणि महिना-दोन महिने चिकाटी धरायची ज्यांची तयारी असते, त्यांची कवळी वापरात राहते. केवळ मुलांच्या आग्रहाखातर कवळी करून घेणाऱ्याची डबीत जाते. म्हणून मुलगा-सून सोबत असले तरी मी खुर्चीत बसलेल्या माणसालाच विचारते.

सहावी पायरी : वेळ, ठिकाण, पैसा

सगळे दात काढल्यावर हिरड्या भरायला साधारण सहा ते आठ आठवडे थांबून मग माप घेतले जाते. लग्नकार्य जवळ असेल तर दात काढले त्याच दिवशी बसवायची तात्पुरती कवळी आधीच बनवता येते. मात्र हाड झिजत जाईल तशी ती सैल होते आणि काही महिन्यांत तिला नवे अस्तर किंवा बदल लागतो. नेहमीच्या पूर्ण कवळीला पाचएक फेऱ्या होतात: पहिले माप, मग खास साच्याने नेमके माप, मेणाच्या पट्ट्यांवर दोन्ही जबड्यांचा मेळ, मेणात रोवलेल्या दातांची चाचणी, आणि शेवटी तयार कवळी. यांतली मेणाची चाचणी कधीही टाळू देऊ नये. त्या दिवशी घरातले जवळचे माणूस सोबत न्यावे, जुना फोटो न्यावा, दारातल्या उजेडात आरशात पाहावे, मोठ्याने बोलून पाहावे. दात लांब वाटतात, फार पांढरे वाटतात, ओठ पुढे आल्यासारखा दिसतो, हे सगळे तेव्हाच सांगावे. मेण असेपर्यंत दात हलवता येतात, कवळी पक्की झाल्यावर ते सोपे राहत नाही.

कवळी मिळाल्यावरही पहिल्या महिन्यात दोन-तीनदा यावे लागते. बीड आणि आसपासच्या भागातली ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांनी जाण्याच्या आदल्या आठवड्यात कवळी घेऊ नये. फडावर हिरडी सोलली तर काठ घासून देणारे कोणी नसते, आणि कवळी तिथेच कायमची सुटते. परतल्यावर लगेच काम सुरू करावे, म्हणजे पुढची निघण्याची वेळ येईपर्यंत ती अंगवळणी पडते.

पैशाची ओढ असेल तर छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयात जावे; लातूर, नांदेड आणि परभणी येथेही दंत महाविद्यालये आहेत. तिथे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळे खर्च कमी आणि फेऱ्या जास्त, हे गृहीत धरावे. 2017 साली सुरू झालेल्या केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना द्यायच्या साधनांच्या यादीत काठी, श्रवणयंत्र, चष्मा यांबरोबर कवळीही आहे. आपल्या जिल्ह्यात तपासणी शिबिर कधी आहे, याची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करावी.

सातवी पायरी : पहिला महिना आणि नंतर

सुरुवातीला तोंडात दगड ठेवल्यासारखे वाटते आणि लाळ जास्त सुटते. आठवड्याभरात ते कमी होते. पहिले काही दिवस वरण-भात, उप्पीट, अंबिल, दुधातली भाकरी असे मऊ खावे. घास लहान करून दोन्ही बाजूंना थोडा थोडा ठेवून चावावा, कारण एकाच बाजूने चावले की दुसरी बाजू उचलली जाते. आणि समोरच्या दातांनी तोडू नये. बोलणे सुधारण्यासाठी पोथी किंवा वर्तमानपत्र मोठ्याने वाचावे. कुठे टोचले तर घरी ब्लेडने किंवा कानसीने घासू नये. कवळी काढून ठेवली असेल, तरी डॉक्टरांकडे जाण्याच्या आदल्या दिवशी ती घालावी, म्हणजे नेमका कुठे वळ उठतो ते दिसते.

रात्री कवळी काढून स्वच्छ पाण्यात ठेवावी. ती न काढता झोपणाऱ्यांच्या टाळूवर लालबुंद बुरशी धरते, आणि ती दुखत नसल्याने कळतही नाही. धुताना खाली पाण्याने भरलेले घमेले किंवा टॉवेल असावा, म्हणजे हातातून निसटली तरी फुटत नाही. मऊ ब्रश आणि साधा साबण पुरतो. टूथपेस्टने चरे पडतात आणि उकळत्या पाण्याने आकार बिघडतो. हाड झिजत राहिल्याने दोन-तीन वर्षांत कवळी सैल वाटू लागते, तेव्हा चिकटवण्याच्या पावडरीवर वर्षे काढण्यापेक्षा अस्तर बदलून घ्यावे. पाच ते आठ वर्षांत बहुधा नवी करावी लागते. तोंडात एकही दात नसला तरी वर्षातून एकदा हिरड्या, जीभ आणि गाल तपासून घ्यावेत, आणि ज्यांनी कधी तंबाखू किंवा मिश्री वापरली आहे त्यांनी दर सहा महिन्यांनी.